सातला बंद झालेलं दार

मुलांनो,

तिकडे अमेरिकेत, तुमच्या राज्यात पक्षानं अध्यक्षपदासाठी कोणाला उभं करायचं हे ठरवायला लोक शाळेच्या जिममध्ये जमतात, आणि ज्याला जो उमेदवार हवा त्याच्या कोपऱ्यात जाऊन उभे राहतात, हे मोठीनं मला मागच्या रविवारी फोनवर सांगितलं. ती आईबरोबर बघायला गेली होती. तिला सगळ्यात मजा कशाची वाटली, तर तुमच्या समोरच्या घरातले काका एका कोपऱ्यात आणि त्यांची बायको दुसऱ्या, आणि दोघं एकमेकांना हात हलवून दाखवत होते. मग तिनं इंग्रजीत विचारलं, आजी, तुमच्याकडे असं काही असतं का? मी म्हटलं, असतं थोडंसं, आणि लगेच धाकट्याच्या पडलेल्या दाताची चौकशी करायला लागले. तुमच्या आईच्या ते लक्षात आलं असणार. म्हणून आता नीट लिहिते. आई वाचून दाखवेल.

इथं न्यूझीलंडमध्ये अध्यक्ष नसतो, पंतप्रधान असतो, आणि त्याला कोणी थेट निवडत नाही. पण प्रत्येक भागातून संसदेसाठी पक्षाला एक माणूस उभा करावा लागतो. तो कोण, हे ठरवायला आमच्या भागातल्या शाखेची सभा भरते. दुसऱ्या ठिकाणी चिठ्ठ्या टाकतात म्हणे. आमच्या शाखेचे अध्यक्ष म्हणजे एक निवृत्त पाकेहा गृहस्थ, इथल्या गोऱ्या माणसांना पाकेहा म्हणतात. ते जुन्या वळणाचे. ज्याला मत द्यायचं त्याच्या बाजूच्या भिंतीशी सगळ्यांच्या देखत उभं राहावं, असा त्यांचा आग्रह. उभे असतील तितकी डोकी मोजायची आणि निकाल जाहीर करायचा. एक नियम मात्र पक्का: सभा सुरू झाली की दार बंद. आत असतील तेवढेच सभासद.

मागे एका निवडणुकीच्या वेळी आमच्याकडून उभी राहणारी मुलगी नाशिकची. इथं शिकायला आली आणि इथलीच झाली. ऑकलंडमधल्या आमच्या पापाटोएटोच्या मुख्य रस्त्यावर साड्यांच्या आणि मिठाईच्या दुकानांच्या मधे औषधांचं दुकान आहे, तिथं ती फार्मासिस्ट होती. तुमच्या आजोबांच्या शेवटच्या वर्षात दुकान बंद झाल्यावर ती आमच्याकडे यायची, पलंगाशेजारी बसून कुठली गोळी जेवणाआधी आणि कुठली नंतर हे मराठीतून समजावून सांगायची. हॉस्पिटलातही आमच्याबरोबर यायची. मोठ्या डॉक्टरांशी बोलताना आजोबा इंग्रजी विसरायचे, मग तीच बोलायची. मला काकू म्हणायची. माझा मुलगा, म्हणजे तुमचा मामा, तिला बहीण मानतो.

तिला हे मनापासून हवं होतं. नुसती हौस नव्हती. तिनं दुकानातले कामाचे दिवस कमी करून घेतले होते आणि दारोदार फिरत होती. डॉक्टरची फी परवडत नाही म्हणून कोण गोळ्या अर्ध्या करून घेतं, हे तिला ठाऊक असायचं, कारण ती माणसं औषध संपायला हवं त्याच्या कितीतरी दिवसांनंतर पुन्हा यायची. एकदा आमच्या फाटकाशी उभं राहून ती म्हणाली, "काकू, इतकी वर्षं मी काउंटरच्या मागून सगळ्यांचं ऐकून घेतेय. एकदा तरी त्याबद्दल कुठंतरी उभं राहून बोलायचंय." तिची अनुमोदक व्हायला मी आनंदानं तयार झाले.

तिच्या विरुद्ध उभा होता एक सामोअन गृहस्थ, म्हणजे सामोआ बेटांकडचा, बस चालवणाऱ्यांच्या संघटनेतला. चांगला माणूस. त्याच्या चर्चची माणसं त्याच्या पाठीशी होती, आणि ती खूप होती. आमच्या मुलीच्या बाजूनं काही तरुण जोडपी, दोनतीन पंजाबी दुकानदार, आणि मुलांकडे राहायला आलेल्या आमच्यासारख्या आज्या. आज्यांना पक्षाचं सभासद तिनंच करून घेतलं होतं, एकेकीच्या घरी बसून, एकेकीचा रक्तदाब मोजून. त्या आल्या तर बरोबरी होत होती, कदाचित थोडी जास्तच. हे तिलाही माहीत होतं आणि मलाही.

आता माझ्याबद्दल. मी पुण्यात कॉन्व्हेंटमध्ये शिकले आणि जन्मभर तशाच एका शाळेत शिकवलं. वेळेच्या बाबतीत मी कशी आहे ते तुमच्या आईला विचारा, ती जरा तिखटमीठ लावूनच सांगेल. इथल्या आमच्या मैत्रिणींच्या घोळक्यात मला सगळ्या 'मॅडम' म्हणायच्या, चिडवायला.

सभा शनिवारी संध्याकाळी सातची ठरली. त्याच्या आदल्या आठवड्यात ती मुलगी घरी आली. मी चहा टाकला. बोलता बोलता ती जरा हळू आवाजात म्हणाली, "काकू, आपल्या बायकांना साडेसहा सांगा."

"सभा सातची आहे ना?"

"सातचीच. पण सात सांगितलं की आपल्याकडे साडेसातला घरातून निघतात. तुम्हाला माहितीये."

मला माहीत होतं. आपल्याकडे लग्नाच्या जेवणापासून नाटकाच्या प्रयोगापर्यंत, दिलेल्या वेळेत अर्धा तास मिळवायचा असतो हे कोणी शिकवत नाही, पण सगळ्यांना येतं. आणि बोलावणारेही ते धरूनच वेळ सांगतात. मी मात्र तिला म्हटलं, "मी खोटी वेळ सांगणार नाही. आज साडेसहा सांगितलं तर पुढच्या वेळी सहा सांगावं लागेल. कधीतरी हे थांबायला नको का?"

तिनं कपातला चहा संपवला. मग हसली. "बरं. तुमचं ऐकतील त्या. माझं नाही ऐकायच्या."

त्या वेळी मला वाटलं मी तत्त्वाचं बोलले. पण त्यात दुसरंही काही होतं. त्याच उन्हाळ्यात पक्षाचा बार्बेक्यू झाला होता, पार्कात. अध्यक्षांनी सगळ्यांना जेवणाची वेळ सांगितली आणि पुढं म्हणाले, आमच्या भारतीय मित्रांसाठी मात्र अर्धा तास आधी. लोक हसले. आमचीच माणसं सगळ्यात मोठ्यानं हसली. मला काही हसू आलं नाही. घरी येऊन मी मामाला म्हटलं, यात हसण्यासारखं काय होतं? तो म्हणाला, आई, खरंच तर आहे, सोड ना. मी सोडलं नाही. त्या गृहस्थांनी एकदा तरी आपल्या बायकांना ठोक्याला आलेलं पाहावं, असं माझ्या मनानं घेतलं होतं. त्या मुलीच्या सभेत मी माझी एक सभा घुसवली होती.

मी एकेकीला फोन केला. सात म्हणजे सात, असं प्रत्येकीला बजावलं. खिडक्यांच्या बाजूच्या भिंतीशी उभं राहायचं, तेही सांगितलं. सगळ्या हो हो म्हणाल्या. माझी एक ठाण्याची मैत्रीण आहे, गुडघ्याचं ऑपरेशन झालेली, चाकांचं वॉकर घेऊन चालते आणि तोंडानं फार फटकळ. ती म्हणाली, "मॅडम, आम्ही काय शाळेतल्या पोरी आहोत का?" ते मला लागलं. त्यामुळे दार बंद होतं हे सांगायचं मी टाळलं. साठी उलटलेल्या बायकांना असं सांगणं म्हणजे दमदाटी केल्यासारखं वाटलं. आणि त्या वेळेवर येणार असतील तर सांगायची गरजच काय, असाही माझा हिशेब होता.

सभा प्राथमिक शाळेच्या हॉलमध्ये होती. फेब्रुवारी महिना, म्हणजे इथला उन्हाळा, त्यामुळे सातलाही लख्ख ऊन, आणि वारा सुटलेला. हॉलची एक पूर्ण बाजू काचेची, बाहेर गाड्या लावायची जागा. त्या सामोअन गृहस्थाची मंडळी आधीच येऊन बसली होती, खुर्च्याही त्यांनीच मांडल्या होत्या. दोन्ही उमेदवारांना स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत बसवलं होतं, कारण भाषणाआधी त्यांनी लोकांत मिसळायचं नाही असं ठरलेलं. आमची तरुण जोडपी आली, पंजाबी दुकानदार आले. आज्या नव्हत्या.

अध्यक्ष माझ्याकडे आले. समोरच्या बाजूची अनुमोदक म्हणजे उमेदवाराची थोरली बहीण, तिलाही त्यांनी बोलावलं. मला म्हणाले, तुमची मंडळी अजून दिसत नाहीत, दोघींची हरकत नसेल तर थोडं थांबू. दार एकदा लावलं की मग मला कोणालाच आत घेता येणार नाही. त्यांच्या बोलण्यात चेष्टा नव्हती. हे मी मुद्दाम लिहिते, कारण नंतर कितीतरी वेळा मी ती चेष्टा त्यात शोधून पाहिली. बहीण म्हणाली, आमची काही हरकत नाही, पार्किंग मिळत नसेल त्यांना. आणि दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

माझं तोंड तापलं होतं. वर्गात उशिरा आलेल्या मुलीची आई म्हणून मलाच कोणीतरी बोलावून घेतल्यासारखं झालं. मी माझ्या शाळेतल्या इंग्रजीत सांगितलं, "थांबायची गरज नाही. त्यांना वेळ ठाऊक आहे."

"नक्की?"

"नक्की."

त्यांनी दार लावलं.

आधी आमच्या मुलीचं भाषण होतं. ती बाहेर आली, माओरीत 'किया ओरा' म्हणाली, मग नमस्कार म्हणाली. खुर्च्यांवरून तिची नजर फिरली, मग दाराकडे गेली, मग माझ्याकडे आली. मी मान हलवली. म्हणजे काय, ते मलाच कळलं नव्हतं.

ती अर्ध्या गोळ्यांबद्दल बोलत होती तेव्हा व्हॅन आली. माझं तोंड काचेकडे होतं, म्हणून मी सगळं पाहिलं. एकेक जण उतरली. ठेवणीतल्या साड्या, वाऱ्यात दोन्ही हातांनी धरलेले पदर, कोणाच्या हातात स्टीलचे डबे. माझी ठाण्याची मैत्रीण वॉकर घेऊन सगळ्यात पुढं. तिनं दार ढकललं. अडकलंय असं वाटून पुन्हा ढकललं. मग टकटक केलं. अध्यक्ष तिथं गेले, हातानं घड्याळ दाखवलं आणि दिलगिरीनं मान हलवली. तेवढ्यात तिला मी दिसले. ती हसली आणि उघड म्हणून खूण केली. मी नाही म्हणून मान हलवली. तिला वाटलं मी थट्टा करते आहे. तिनं मला हातातला डबा हलवून दाखवला.

भाषण थांबलं नाही. आवाज एकदाच खाली गेला, पुन्हा वर आला. नंतर तो सामोअन गृहस्थही बोलला, चांगलं बोलला असेल, मला त्यातलं काही आठवत नाही.

मग उभं राहायची वेळ आली. त्याची माणसं रंगमंचाच्या बाजूला गेली, आम्ही खिडक्यांशी. माझ्या पाठीशी काच होती. मागं काही हललंसं वाटून मी वळले, तर आम्हाला उभं राहिलेलं बघून बाहेर त्याही भिंतीला लागून ओळीनं उभ्या राहिल्या होत्या. मी फोनवर सांगितलं होतं तशा, खिडक्यांच्या बाजूला. एकीनं पदर नीट केला. मोजताना आपण दिसावं म्हणून असेल. अध्यक्ष बोट हलवत मोजत आले, माझ्यापाशी आले, पुढं गेले. काचेपलीकडे त्यांनी पाहिलं नाही, आणि ते बरोबरच होतं. आमची मुलगी हरली. फरक थोडा होता. बाहेर उभ्या होत्या त्याहून कमी.

दार उघडलं तसं त्या आत आल्या, आणि रीतीप्रमाणे डबे उघडून सगळ्यांना द्यायला लागल्या. कोथिंबीर वड्या होत्या. जिंकलेल्यांनीही आवडीनं खाल्ल्या. ठाण्याची मैत्रीण चिडली होती. मला म्हणाली, आम्ही सहापासून तयार होऊन बसलो होतो, सगळ्या एकीच्या घरी. पण सात म्हटल्यावर साताला कसं जायचं? वेळेवर गेलं की यजमान केर काढत असतो, ओशाळतो बिचारा. म्हणून आणखी एक चहा केला. मग तिनं अध्यक्षांकडे वळून आपल्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, थोडं थांबला असता तर तुमचं काय बिघडलं असतं? ते शांतपणे काहीतरी बोलले. ते काय म्हणाले ते तिला नीट कळलं नाही. तिनं मला विचारलं, "काय म्हणतोय हा?"

इतकी वर्षं या सगळ्यांना डॉक्टरचं, बँकेचं, सरकारचं इंग्रजी मीच मराठीत करून सांगत आले. त्या दिवशी मला शब्द सुचेना. आमची मुलगी शेजारी उभी होती, हातात कागदाची बशी. तिनं सांगितलं. औषधाच्या बाटलीवरचं वाचून दाखवावं तशा आवाजात.

"ते म्हणतात, त्यांनी थांबायचं विचारलं होतं. काकू म्हणाल्या, गरज नाही."

मग मैत्रीण म्हणाली, "असं होय. बरं. वड्या घ्या, गार होतायत."

मला घरी आमची ती मुलगीच सोडायला आली. तिनं गाडी आमच्या दारात उभी केली आणि इंजिन बंद केलं. मी म्हटलं, माझं चुकलं. ती लगेच म्हणाली, नाही काकू, असू दे. मग समोर बघत म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला मी निवडून यायला हवी होते, की आपल्या बायका वेळेवर यायला हव्या होत्या?"

ती रागावून बोलली असती तर मला सोपं गेलं असतं. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी दोन्ही म्हणणार होते, पण ते खरं नव्हतं. दार लावताना माझ्या मनात ती नव्हतीच. मी दार उघडून उतरले. ती मी आत जाईपर्यंत थांबली, नेहमी थांबायची तशी.

कोणी मला दोष दिला नाही. मैत्रिणींचे फोन येतात, भिशी चालू आहे. फक्त मला आता कोणी मॅडम म्हणत नाही. ताई म्हणतात. तुम्हाला वाटेल ताई चांगलं. मलाही दुसऱ्या कोणाबद्दल सांगितलं असतं तर चांगलंच वाटलं असतं.

त्या मुलीनं नंतर निवडणुकीत त्या सामोअन गृहस्थासाठी काम केलं, वाऱ्यापावसात पत्रकं वाटली. तो निवडून आला. मीही त्यालाच मत दिलं. तो मनापासून काम करतो, आमच्या बायका त्याच्याकडे आपल्या अडचणी घेऊन जातात आणि तो ऐकतो. पण त्याच्याकडे गेल्यावर गोळ्या अर्ध्या करून घेते हे सांगायचं त्यांना सुचत नाही. ते फक्त तिला, न सांगता कळायचं. वर्षभरानं तिच्या नवऱ्याला हॅमिल्टनला नोकरी मिळाली आणि ते तिथल्या रोटोटुना भागात राहायला गेले. निघताना नमस्कार करायला आली होती. वाकली, मी पाठीवर हात ठेवला. निवडणुकीचा विषय दोघींनीही काढला नाही. दुकानात आता एक तरुण मुलगा आहे, हुशार आहे, गोळ्यांची पिशवी हातात देतो आणि पुढच्या माणसाकडे बघतो.

त्याच फोनवर मोठीनं मला असंही विचारलं होतं, आजी, तू कोणाच्या बाजूला उभी राहिली असतीस? त्याचं उत्तर सोपं आहे. मी योग्य भिंतीशीच उभी होते. सगळ्यांनी पाहिलं. नुसतं तेवढं पाहिलं असतं तर तुम्हाला आजीचा अभिमानच वाटला असता.

गेल्या आठवड्यात त्या मुलीचा फोन आला. ती हॅमिल्टनमध्ये उभी राहणार आहे. तिथंही आधी पक्षाची सभा आहे. तिचा आवाज पूर्वीसारखा होता, गडबडीतला, आनंदी. माझ्या गुडघ्यांची चौकशी केली, मामाच्या नव्या घराची केली. मग म्हणाली, आशीर्वाद द्या.

मी म्हटलं, "नुसता आशीर्वाद कशाला? मीच येते. मामा सोडेल गाडीनं, दीड-दोन तासांचा तर रस्ता."

ती अगदी मायेनं म्हणाली, "नको काकू. तुम्ही इथूनच द्या ना."

मी दिला. यशस्वी हो म्हटलं, औक्षवंत हो म्हटलं, जे जे म्हणतात ते सगळं म्हटलं. तिनं सभेचा दिवस सांगितला. वेळ सांगितली नाही, आणि मी विचारली नाही.